सर्व्हिस डॉगची नोंदणी आणि ओळख: खान्देशात नव्यानं सुरुवात करणाऱ्यांसाठी

आधी एक गोष्ट सांगून टाकतो, म्हणजे तुमचे पैसे वाचतील. दिव्यांग व्यक्तीच्या मदतनीस कुत्र्याची नोंद करणारं सरकारी रजिस्टर भारतात नाही. दिल्लीत नाही, मुंबईत नाही, जळगाव-धुळ्याच्या महापालिकेतही नाही. मोबाइलवर शोधलं की ‘दहा मिनिटांत सर्टिफिकेट’ देणाऱ्या साइट्स मात्र रांगेनं येतात. कुत्र्याचा फोटो टाका, डॉलरमध्ये पैसे भरा, ओळखपत्र आणि लाल जाकीट घरपोच.

या साइट्स मुळात अमेरिकेतल्या गिऱ्हाइकांसाठी आहेत, आणि तिथंही त्या कागदाला कायद्यानं किंमत नाही. अमेरिकेच्या दिव्यांग कायद्याचे सुधारित नियम १५ मार्च २०११ पासून लागू आहेत. त्यानुसार दुकानदार किंवा हॉटेलवाला दोनच प्रश्न विचारू शकतो: हा कुत्रा अपंगत्वामुळे लागणारा सर्व्हिस डॉग आहे का, आणि त्याला कोणतं काम शिकवलं आहे? नोंदणीचा कागद मागायची त्याला परवानगी नाही. विमानाची गोष्ट वेगळी, तिथं सरकारी नमुन्यातला फॉर्म भरून घेतला जातो. पण तो फॉर्म कुत्र्याचा मालक स्वतः भरतो, कुठली साइट देत नाही. जो कागद अमेरिकेत चालत नाही, तो भुसावळच्या फलाटावर टीसीपुढे धरून काय होणार?

मग आपल्याकडे नोंदणी करायची कशी? तुकड्या-तुकड्यांनी. माणसाची नोंद एका खात्यात, कुत्र्याची दुसऱ्या खात्यात, आणि त्याच्या शिक्षणाची नोंद आपली आपण ठेवायची. हे तिन्ही एका फायलीत आलं की तीच तुमची नोंदणी. फाइल नीट असेल तर दहातले बरेच दरवाजे नुसत्या बोलण्यावर उघडतात, आणि जे उघडत नाहीत त्यांच्याविरुद्ध तक्रार करायला हातात काहीतरी असतं.

आधी ठरवा: कुत्रा काम काय करतो?

कागदाच्या मागे लागण्याआधी एका वाक्यात उत्तर लिहा: माझ्या अपंगत्वामुळे मला जे जमत नाही, त्यातलं हा कुत्रा नेमकं काय करतो? अंध माणसाचा कुत्रा उघड्या गटारापाशी थांबतो, उभ्या हातगाडीला वळसा घालून नेतो. ऐकू न येणाऱ्या बाईचा कुत्रा कुकरची शिट्टी झाली, दाराची कडी वाजली किंवा पाळण्यातलं बाळ रडलं की नाकानं ढोसतो आणि तिथवर नेतो. व्हीलचेअरवरच्या माणसाला खाली पडलेली किल्ली उचलून देतो. फिट येणाऱ्याच्या जवळ बसून राहतो, घरच्यांना बोलावून आणतो. काही कुत्र्यांना फिट येण्याआधी चाहूल लागते म्हणतात, पण ती हमखास शिकवता येत नाही. असं शिकवून देतो म्हणणाऱ्यापासून दोन हात लांब राहा.

‘तो जवळ असला की मला बरं वाटतं’ हे खरं असू शकतं, पण ते काम नव्हे. अशा कुत्र्याला भावनिक आधार देणारा पाळीव कुत्रा म्हणतात, आणि त्याला मदतनीस कुत्र्याची मोकळीक मागणं बरोबर नाही. घरच्या पॉमेरियनला जाकीट घालून दवाखान्यात नेणारे लोक आहेत. त्यांच्या कुत्र्यानं एकदा कुणाचा पाय धरला की पुढच्या खऱ्या अंध माणसाला वॉचमन फाटकातूनच परत पाठवतो.

माणसाचे कागद

पहिला कागद म्हणजे यूडीआयडी कार्ड, केंद्र सरकारचं दिव्यांगत्वाचं ओळखपत्र. स्वावलंबन कार्ड पोर्टलवर अर्ज करायचा असतो आणि त्याला शुल्क नाही. स्वतःला जमत नसेल तर गावातल्या सेवा केंद्रात जा. तिथं टायपिंगचे पैसे घेतील, तेवढेच द्या. आधार, फोटो, पत्त्याचा पुरावा आणि जुने रिपोर्ट जोडा, तपासणीचं रुग्णालय निवडा. जळगावला आणि नंदुरबारला शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाचं रुग्णालय, धुळ्याला भाऊसाहेब हिरे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय. तपासणीचे वार ठरलेले असतात. शिरपूर-अक्कलकुव्याहून निघण्याआधी फोन करून वार विचारा, नाहीतर फेरी फुकट जाते.

कार्डावरचा पट्टा तीन रंगांत येतो: ४० टक्क्यांखाली पांढरा, ४० ते ८० च्या आत पिवळा, ८० आणि त्यावर निळा. सरकारी सवलतींना साधारणपणे ४० टक्क्यांची अट असते. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम २०१६ चा. त्यात २१ प्रकारची अपंगत्वं आहेत. मधुमेह त्या यादीत नाही. त्यामुळे साखर उतरल्याची खूण देणारा कुत्रा असेल तर यूडीआयडीच्या जोरावर त्याची बाजू मांडता येणार नाही, तिथं डॉक्टरांच्या पत्रावरच भिस्त.

आता दुसरा कागद, जो लोक विसरतात. यूडीआयडी कार्डावर कुत्र्याबद्दल एक अक्षर नसतं. म्हणून तुमच्यावर उपचार करणाऱ्या डॉक्टरांकडून लेटरहेडवर चार ओळी घ्या: रुग्णाचं नाव, अपंगत्वाचं स्वरूप, त्यामुळे रोजच्या जगण्यात येणारी अडचण, आणि प्रशिक्षित कुत्र्याची मदत त्यांना गरजेची आहे असं मत. सही, शिक्का, नोंदणी क्रमांक, तारीख. डॉक्टर म्हणतील, ‘असं पत्र मी कधी दिलं नाही.’ खरंच दिलेलं नसतं. मसुदा आपणच नेलेला बरा, म्हणजे त्यांचं काम दुरुस्ती आणि सहीपुरतं राहतं.

कुत्र्याचे कागद

इथं सर्वात मोलाची वस्तू म्हणजे लसीकरणाचं पुस्तक. मराठी माणूस कुत्रा पाहून पहिला प्रश्न ‘चावतो का?’ हा विचारतो आणि दुसरा ‘इंजेक्शन दिलंय का?’ हा. रेबीजची पहिली लस पिल्लू तीन महिन्यांचं झालं की द्यायची, मग पशुवैद्य सांगतील तसा बूस्टर, पुढे दरवर्षी. डिस्टेम्पर, पार्व्हो, लेप्टो या कुत्र्यांच्या रोगांची एकत्र लस वेगळी. प्रत्येक लसीच्या बाटलीवरचं स्टिकर पुस्तकात चिकटवून घ्या, त्यावर बॅच नंबर असतो. त्याखाली पशुवैद्यांची सही, शिक्का आणि पुढची तारीख. नुसतं ‘लस दिली’ असं पेनानं लिहिलेलं पुस्तक रेल्वेच्या पार्सल ऑफिसात नाकारलं गेलं तर त्या बाबूला दोष देता येणार नाही. तालुक्याच्या सरकारी पशुवैद्यकीय दवाखान्यात लस मिळते का ते आधी विचारा. जळगाव-धुळ्याला जिल्हा सर्वचिकित्सालयही आहे. २८ सप्टेंबरला जागतिक रेबीज दिन असतो, त्या सुमारास बऱ्याच ठिकाणी मोफत शिबिरं लागतात.

नसबंदी करून घ्या आणि तिचा दाखलाही फायलीत ठेवा. माजावर आलेली कुत्री घेऊन बसस्टँडवर जाणं म्हणजे मागे सगळ्या गल्लीची वरात घेऊन जाणं.

पुढचा टप्पा महापालिकेचा किंवा नगरपालिकेचा परवाना. हा साधा पाळीव कुत्र्याचा परवाना आहे, सर्व्हिस डॉगचा नाही. पण सरकारी शिक्क्याचा, कुत्र्याच्या वर्णनाचा आणि तुमच्या नावाचा एकत्र कागद हाच. आरोग्य विभागात विचारा. कधी टेबलावरचा माणूस म्हणतो, ‘असं काही नसतं आपल्याकडे.’ मग वाद घालू नका. अर्ज लिहून आवकमध्ये द्या आणि झेरॉक्सवर पोच घ्या. तेवढ्यानंही हललं नाही तर दहा रुपयांचा माहिती अधिकाराचा अर्ज: ‘आपल्या हद्दीत कुत्रा पाळण्याच्या परवान्याचे नियम, नमुना आणि शुल्क यांची प्रत मिळावी.’ उत्तर काहीही आलं तरी ते फायलीत जातं. खेड्यात राहत असाल तर ग्रामपंचायतीकडून दाखला मागा: अमुक व्यक्ती आमच्या गावची रहिवासी असून त्यांच्याकडे अमुक रंगाचा, अमुक नावाचा कुत्रा मदतनीस म्हणून आहे.

मायक्रोचिप सक्तीची नाही, पण मी टाका म्हणेन. तांदळाच्या दाण्याएवढी चिप दोन खांद्यांच्या मधे कातडीखाली सुईनं सोडतात. आंतरराष्ट्रीय मानकाची चिप असेल तर तिचा नंबर १५ आकडी असतो. ही चिप जागा दाखवत नाही, तिच्यात जीपीएस नाही. स्कॅनर फिरवला की फक्त नंबर दिसतो. तो नंबर कंपनीच्या यादीत तुमच्या नावावर आणि मोबाइल नंबरावर चढवलेला नसेल तर चिप टाकून न टाकल्यासारखीच. पशुवैद्यांकडून बाहेर पडण्याआधी ते काम झालं का ते बघा, आणि तोच नंबर लसीकरणाच्या पुस्तकात आणि डॉक्टरांच्या पत्रात लिहून घ्या. तिन्ही ठिकाणी एकच नंबर आला की कागद एकमेकांना बांधले जातात, आणि हा तो कुत्रा नव्हेच असं कुणाला म्हणता येत नाही.

शिक्षणाची वही

नोंदणीतला सर्वात जड भाग हाच, कारण तो विकत मिळत नाही. भारतात मदतनीस कुत्रे तयार करणाऱ्या संस्था बोटावर मोजण्याइतक्या. खान्देशातल्या माणसाला बहुतेक वेळा दोनच वाटा उरतात: पुण्या-मुंबई-नाशिककडचा प्रशिक्षक गाठायचा किंवा पशुवैद्य आणि एखाद्या जाणत्याच्या मदतीनं घरीच शिकवायचं. घरी शिकवलेला कुत्रा कमी दर्जाचा असतो असं नाही. अमेरिकेतही घरी शिकवलेल्या कुत्र्याला कायदा मान्यता देतो. पण मग पुरावा ठेवायची जबाबदारी आपल्यावर येते.

प्रशिक्षकाकडे जाणार असाल तर त्याला विचारा: दिव्यांग माणसासाठी याआधी कुत्रा तयार केला आहे का? तो माणूस माझ्याशी बोलेल का? कुत्रा ताब्यात दिल्यावर मला त्याच्याबरोबर काम करायला किती दिवस शिकवणार? बंगल्याची राखण करायला शिकवणारा आणि मदतनीस कुत्रा तयार करणारा, ही दोन वेगळी कामं आहेत. अनोळखी माणसावर भुंकणं हे एकाकडे यश असतं, दुसऱ्याकडे नापास होणं. मारून, काटेरी पट्टा ओढून शिकवणाऱ्याकडे कुत्रा सोडू नका. भ्यालेला कुत्रा गर्दीत केव्हातरी उलटतोच.

शंभर पानी वही घ्या. तारीख, वेळ, जागा, काय शिकवलं, काय जमलं, काय बिघडलं. एवढंच, पण नियमित. साहाय्यक कुत्रे वापरणाऱ्यांच्या एका आंतरराष्ट्रीय संघटनेनं बरीच वर्षं असं माप ठेवलं होतं: किमान सहा महिन्यांत १२० तास शिक्षण, त्यातले किमान ३० तास घराबाहेर, लोकांत. आपल्यावर ते बंधनकारक नाही, पण वहीत तेवढे तास दिसले तर वाचणाऱ्याला विश्वास वाटतो. दर महिन्याला एक छोटा व्हिडिओ काढून ठेवा. चेहऱ्यासकट तुम्ही आणि कुत्रा काम करताना दिसाल असा.

घराबाहेरचे तास पायरीपायरीनं वाढवा. आधी दुपारची सामसूम गल्ली, मग सकाळचा भाजीबाजार, मग बसस्टँड. कुत्र्यानं पुढच्या गोष्टी न बिघडता केल्या पाहिजेत: दोरी ढिली ठेवून चालणं, बाकाखाली तासभर पडून राहणं, खाली सांडलेला वडा न उचलणं, लहान मुलानं शेपटी ओढली तरी उठून बाजूला होणं, रिक्षाच्या हॉर्ननं न दचकणं, आत असताना घाण न करणं. कोंबड्या, बकऱ्या, बैलगाड्या यांची सवय आठवडे बाजारात लागते. दत्तजयंतीला सारंगखेड्याला घोड्यांचा बाजार भरतो. तिथं हजारो माणसं, घोडे, पाळणे, कर्णे. कुत्रा तिथून शांतपणे चालत बाहेर आला तर त्याला दुसरी परीक्षा घ्यायची गरज नाही. पण कच्च्या कुत्र्याला तिथं नेऊन भेदरवू नका, ती शेवटची पायरी आहे.

शिक्षण पूर्ण झालं असं वाटलं की तीन जणांसमोर करून दाखवा: पशुवैद्य, प्रशिक्षक किंवा जाणता माणूस, आणि ज्याचा शब्द गावात चालतो असा कुणी, शाळेचे मुख्याध्यापक म्हणा किंवा पोलीस पाटील. काय काय पाहिलं ते एका पानावर लिहून सह्या घ्या. याला सरकारी दर्जा नाही, पण कोऱ्या हातानं उभं राहण्यापेक्षा ते बरं.

अंगावरची ओळख

आपल्याकडे ओळखीचं महत्त्व परदेशापेक्षा जास्त आहे, कारण आपल्या रस्त्यावर कुत्री भरपूर. ७ नोव्हेंबर २०२५ ला सर्वोच्च न्यायालयानं शाळा-कॉलेजं, रुग्णालयं, क्रीडासंकुलं, बसस्थानकं आणि रेल्वे स्थानकं यांच्या आवारातून भटकी कुत्री हटवायला सांगितलं. आदेश भटक्या कुत्र्यांबद्दल आहे, दोरीला बांधलेल्या मालकीच्या कुत्र्याबद्दल नाही. पण फाटकावरच्या वॉचमननं एवढंच ऐकलेलं असतं की ‘आवारात कुत्रं दिसता कामा नये’. आणि मदतनीस कुत्र्याला नेमकं जायचं असतं दवाखान्यात आणि स्टँडवरच. गावठी जातीचा कुत्रा असेल, तर तो लांबून तसाच दिसतो.

म्हणून पाठीवर जाकीट. दोन्ही बाजूंना मोठ्या ठळक अक्षरांत मराठीत: ‘दिव्यांग व्यक्तीचा मदतनीस कुत्रा. काम चालू आहे. हात लावू नका.’ इंग्रजीतलं जाकीट ऑनलाइन मिळतं, पण ते चोपड्याच्या बाजारात कोण वाचणार? शिंप्याकडून पट्टी शिवून घ्या. नंदुरबारकडे ज्यांना वाचता येत नाही अशांसाठी व्हीलचेअरचं किंवा पांढऱ्या काठीचं चित्र हवंच. अंध माणसाच्या कुत्र्याला कडक दांड्याचा पट्टा लागतो, त्या दांड्यातून कुत्र्याची हालचाल हाताला कळते. साध्या दोरीवर ते काम होत नाही.

जाकीट फिक्या रंगाचं, जाळीदार कापडाचं घ्या. एप्रिल-मे मध्ये आपल्याकडे पारा ४५ च्या पुढे जातो, त्यात काळं जाड जाकीट म्हणजे कुत्र्याला उष्माघात. डांबरी रस्त्यावर आधी आपल्या हाताची मागची बाजू टेकवा. सात सेकंद टेकवून ठेवता आली नाही तर त्या रस्त्यावरून कुत्र्याचे पंजे भाजतील. उन्हाळ्यात बाहेरची कामं सकाळी नऊच्या आत उरका, पाण्याची वाटी पिशवीत ठेवा. धापा वाढल्या, लाळ घट्ट झाली, पाय लटपटले की सावली, अंगावर गार पाणी आणि तडक पशुवैद्य. भर दुपारी मिळालेली अपॉइंटमेंट बदलून मागायला लाजू नका.

गळ्यातल्या पितळी बिल्ल्यावर मोबाइल नंबर आणि परवाना क्रमांक. खिशात ठेवायला एक ओळखपत्र स्वतःच छापून घ्या: दोघांचा फोटो, यूडीआयडीचे शेवटचे चार आकडे, चिप नंबर, लसीची तारीख, कुत्रा कोणतं काम करतो ते. त्यावर राजमुद्रा छापू नका, ‘शासनमान्य’ लिहू नका. राजमुद्रेच्या गैरवापराविरुद्ध २००५ चा कायदा आहे, आणि खोटं लिहिलेलं एक अक्षर बाकीची खरी फाइल बुडवतं.

भटक्या कुत्र्यांचं काय, हा प्रश्न प्रत्येक जण विचारतो. कानाला खाच असलेला कुत्रा म्हणजे त्याची नसबंदी झालेली आहे, पण तो तुमच्या कुत्र्यावर येणार नाही याची ती हमी नव्हे. नवा रस्ता पहिल्यांदा डोळस माणसाला बरोबर घेऊन चाला, कुठल्या वळणावर कुत्र्यांचा कळप बसतो ते पाहून ठेवा, आणि तिथं कोण त्यांना भाकरी टाकतो त्या माणसाशी ओळख करून घ्या. तो हाक मारून त्यांना बाजूला नेऊ शकतो. तुमच्या कुत्र्याला भटकं कुत्रं चावलं तर लस झालेली असली तरी त्याच दिवशी पशुवैद्याकडे जा.

दारोदार

२०१६ च्या कायद्यात मदतनीस कुत्र्याचा नावानिशी उल्लेख नाही. पण कलम ३ भेदभाव करायला मनाई करतं आणि दिव्यांग व्यक्तीसाठी वाजवी सोय करायची जबाबदारी शासनावर टाकतं. तुमची मागणी या वाजवी सोयीखाली बसते. म्हणून अर्जात ‘कुत्र्याला परवानगी द्या’ असं लिहू नका, ‘मला ही सेवा घेता यावी म्हणून वाजवी सोय द्या’ असं लिहा. अमुक ठिकाणी वारंवार जावं लागतं असं दिसलं की आधीच एक पत्र देऊन ठेवा. नमुना साधा:

‘मी अमुक, राहणार अमुक, यूडीआयडी क्रमांक अमुक. मला दृष्टी नाही. माझा प्रशिक्षित कुत्रा मला रस्ता दाखवतो. मला आपल्या कार्यालयात दरमहा यावं लागतं. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम २०१६, कलम ३ नुसार वाजवी सोय म्हणून कुत्र्यासह प्रवेश मिळावा आणि तशी सूचना फाटकावर द्यावी. कुत्र्याचं लसीकरण, परवाना व प्रशिक्षणाची नोंद सोबत जोडली आहे. त्याच्या स्वच्छतेची आणि वागणुकीची जबाबदारी माझी राहील.’

शेवटचं वाक्य गाळू नका. भारतीय न्याय संहितेच्या कलम २९१ नुसार प्राण्याबाबत निष्काळजीपणा केला तर सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजारांपर्यंत दंड होऊ शकतो. जबाबदारी आपणहून घेतली की समोरचा अर्धा निवळतो. बँक आणि तहसील इथं हे पत्र बरंच काम करतं. दवाखान्यात बाह्यरुग्ण विभागापर्यंत जायला हरकत नसावी, पण ऑपरेशन थिएटर, अतिदक्षता आणि भाजलेल्यांचा वॉर्ड इथं हट्ट धरू नये.

एसटीत दिव्यांगांना भाड्यात ७५ टक्के सवलत आहे, ती तुमची. कुत्र्याचं काय, ते कंडक्टरच्या मनावर सोडू नका. गाडी सुटायच्या वेळी, मागे तीस माणसं ढकलत असताना ‘भाऊ, हाई कुत्रं कसाले आनं?’ या प्रश्नाला नीट उत्तर देता येत नाही. आगार व्यवस्थापकांना आधी पत्र द्या, उत्तर लांबलं तर विभाग नियंत्रकांकडे. नंदुरबार जिल्ह्यातली आगारं धुळे विभागात येतात, तेव्हा पत्र धुळ्याला. तोवर गर्दी नसलेली गाडी आणि पुढची जागा.

रेल्वेचं सगळ्यात किचकट आहे. स्लीपर, चेअर कार, थ्री टायर, टू टायर इथं कुत्रा चालत नाही. एसी फर्स्टचा दोन बर्थचा कूपे किंवा चार बर्थचं केबिन पूर्ण आपल्या नावे असेल तर कुत्रा बरोबर ठेवता येतो. नाहीतर गार्डच्या डब्यातली पेटी, जी मदतनीस कुत्र्याच्या बाबतीत निरर्थक आहे. माणूस एका टोकाला आणि त्याचा कुत्रा दुसऱ्या टोकाला. तिकीट पक्कं झालं की कुत्र्याचं बुकिंग पार्सल ऑफिसात होतं. लसीचं पुस्तक आणि पशुवैद्यांचा प्रवासाला योग्य असल्याचा ताजा दाखला लागतो, आणि गाडीच्या दोन-तीन तास आधी पोचावं लागतं. आता चाळीसगाव-धुळे लोकलला कुठला आला एसी फर्स्ट! अशा गाड्यांसाठी आणि दिव्यांगांच्या डब्यासाठी मंडल वाणिज्य अधिकाऱ्यांकडे आगाऊ लेखी परवानगी मागणं एवढाच मार्ग आहे. जळगाव, चाळीसगाव, धुळे भुसावळ मंडलात येतात, ते कार्यालय भुसावळलाच आहे. अमळनेर, नंदुरबार मात्र पश्चिम रेल्वेच्या मुंबई मंडलात, तिकडचा अर्ज भुसावळला देऊन फिरत बसू नका.

विमानाचा प्रवास असेल तर तिकीट काढण्याआधीच कंपनीला फोन करा, निदान ४८ तास आधी मदतीची नोंद करा. प्रत्येक कंपनीची अट वेगळी असते, पण प्रशिक्षणाचा दाखला आणि लसीकरण मागतातच. इथं घरगुती वही कमी पडण्याची शक्यता जास्त. जळगावहून सुटणारी विमानं लहान असतात, पायाशी जागा किती ते आधी विचारा.

भाड्याच्या घराबद्दल एवढंच: भारतीय जीवजंतू कल्याण मंडळानं २०१५ मध्ये स्पष्ट केलं आहे की सोसायटीला पाळीव कुत्र्यांवर सरसकट बंदी घालता येत नाही, भाडेकरूंच्याही. त्या परिपत्रकाची प्रत फायलीत ठेवा. ढाब्यावर अडचण येत नाही, बाहेर खाटेवर बसायचं. मात्र शेजारच्या ताटातून कुत्र्याला भरीत चारायला लोक फार उत्साही असतात. भरताच्या वांग्यात कांदापात आणि लसूण असते, दोन्ही कुत्र्याच्या रक्ताला घातक. हिवाळ्यात शेतावरच्या भरीत पार्टीला गेलात तर जाकीट काढू नका आणि ‘याले काही खाऊ घालू नका’ हे पहिल्याच पंगतीला जोरात सांगा.

नाकारलं तर

तिथल्या तिथं भांडून फायदा होत नाही. तारीख, वेळ, नाकारणाऱ्याचा हुद्दा लिहून घ्या, ‘लेखी द्या’ म्हणा. देणार नाहीत, पण विचारलं होतं हे नोंदवा. मग त्या कार्यालयाच्या प्रमुखाला तक्रार, पोच घेऊन. प्रत जिल्हा परिषदेच्या समाजकल्याण कार्यालयाला. पंधरा-वीस दिवसांत काही झालं नाही तर पुण्याला राज्य दिव्यांग आयुक्तांकडे. आयुक्तांनी शिफारस केली तर संबंधित कार्यालयानं त्यावर कारवाई करून तीन महिन्यांत कळवावं अशी कायद्यात तरतूद आहे. चारचौघांत जाणूनबुजून अपमान केला असेल तर कलम ९२ आहे, त्यात सहा महिने ते पाच वर्षं शिक्षा. ते हत्यार उठसूट उपसायचं नाही. वकील परवडत नसेल तर जिल्हा न्यायालयाच्या आवारात विधी सेवा प्राधिकरण असतं. दिव्यांग व्यक्तीला तिथं मोफत वकील मिळतो, उत्पन्नाची अट नाही. ही गोष्ट फार कमी लोकांना माहीत आहे.

कुत्र्याला कुणी मुद्दाम मारलं, विष घातलं, जायबंदी केलं तर न्याय संहितेच्या कलम ३२५ खाली पोलीस ठाण्यात तक्रार द्या. पाच वर्षांपर्यंत शिक्षा आहे.

फाइल चालू ठेवणं

दोन संच करा, एक घरी, एक पिशवीत. मोबाइलमध्ये सगळ्याचे फोटो. लसीची आणि परवान्याची तारीख घरातल्या दिनदर्शिकेवर लिहा. मोबाइल नंबर बदलला की चिपच्या यादीत आणि बिल्ल्यावरही बदला. पावसाळ्यात गोचीड वाढतात. त्यांच्यामुळे येणाऱ्या तापानं आपल्याकडे बरीच कुत्री जातात, त्यामुळे औषधाच्या तारखाही त्याच पुस्तकात.

आठ-दहा वर्षांचा झाला की कुत्रा कामातून निवृत्त होतो. मग त्याचं जाकीट काढून ठेवा आणि पुढे परवाना फक्त पाळीव कुत्रा म्हणून चालू द्या. नव्या कुत्र्याची फाइल पहिल्या पानापासून नवी करायची: नवी चिप, नवी वही, डॉक्टरांचं नव्या तारखेचं पत्र. जी कार्यालयं आधी परवानगी देत होती त्यांनाही नव्या कुत्र्याचा फोटो आणि नंबर लेखी कळवा, आणि जुन्या परवानगीची झेरॉक्स वर जोडा. म्हणजे दुसऱ्या खेपेला फाटकावर पहिल्यापासून सांगावं लागत नाही.